भिंतीवरचा जॉन स्नो आणि पंपाजवळचा जॉन स्नो



ज्या डॉक्टरांच्या स्मृतीसाठी हे व्याख्यान दरवर्षी होतं, त्यांनी हयातभर या तालुक्यात जुलाब-उलट्यांच्या साथींशी झुंज दिली. त्यांच्या नावाच्या व्याख्यानात बोलायचं तर लंडनच्या डॉक्टर जॉन स्नोंबद्दलच बोलावं, असं मला निमंत्रण आलं त्याच क्षणी वाटलं. मी वैद्यकीय महाविद्यालयात रोगप्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यकशास्त्र शिकवलं. मुलं त्याला पीएसएम म्हणतात. साथरोगांचा धडा या नावापासून सुरू होतो. अलीकडच्या वर्षांत मात्र फळ्यावर ‘जॉन स्नो’ लिहिलं की वर्गात कुजबुज व्हायची. मुलांच्या डोळ्यांसमोर काळा झगा घातलेला, हाती तलवार आणि शेजारी पांढराशुभ्र लांडगा असलेला एक तरुण उभा राहायचा. माझा जॉन स्नो १८५८ मध्ये वारला. त्यांचा अजून जगभर फिरतो आहे. मला त्या कुजबुजीचा कधी राग आला नाही. नाव आधीच ओळखीचं असलं की मुलं कान टवकारतात, आणि शिक्षकाला आणखी काय हवं असतं?

समोर बसलेल्या ज्येष्ठांसाठी त्या दुसऱ्या जॉनची गोष्ट थोडक्यात सांगतो. जॉर्ज आर. आर. मार्टिन या अमेरिकन कादंबरीकाराच्या ‘अ गेम ऑफ थ्रोन्स’ या १९९६ च्या कादंबरीत तो पहिल्यांदा भेटतो. पुढे एचबीओने त्या कादंबरीमालेवर काढलेली मालिका २०११ ते २०१९ चालली आणि किट हॅरिंग्टन या नटाचा चेहरा त्या नावाला कायमचा चिकटला. जॉन हा उत्तरेच्या सरदाराचा अनौरस मुलगा म्हणून वाढतो. त्या कल्पित राज्यात उत्तरेला जन्मलेल्या अशा उमराव घराण्यातल्या मुलांना ‘स्नो’ हेच आडनाव देतात. घरात जेवायला ताट आहे, पण पंक्तीत जागा नाही. म्हणून तो चौदाव्या वर्षी आणखी उत्तरेला, सातशे फूट उंचीच्या बर्फाच्या भिंतीवर पहारा करायला जातो. तिथे लग्न न करण्याची, जमीनजुमला न घेण्याची शपथ घ्यावी लागते. भिंतीपलीकडे माणसाला मारून पुन्हा उठवणारा एक शत्रू जमतो आहे हे त्याला कळतं. दक्षिणेकडचे राजेराण्या सिंहासनासाठी भांडत असतात, त्यांना हे ऐकायला सवड नसते. जॉन पहाऱ्याचा सेनापती होतो, शत्रूच्या तोंडी सापडणाऱ्या रानटी टोळ्यांना भिंतीच्या आत घेतो, आणि त्याबद्दल त्याचेच सोबती त्याला सुरे भोसकतात. कादंबऱ्यांत २०११ च्या खंडाअखेर तो असा पडलेला आहे. मालिकेत तो मंत्राने जिवंत होतो, आणि पुढे कळतं की तो अनौरस नाहीच, सिंहासनाचा खरा वारस आहे.

या दोघांचं नाव सारखं असणं हा योगायोग आहे. मार्टिनच्या नायकाला आडनाव मिळालं ते कथेतल्या चालीरीतीतून. डॉक्टरांशी त्याचा संबंध जोडायला कुठलाही आधार नाही. भूगोल मात्र एके ठिकाणी खरोखर जुळतो. मार्टिनने सांगितलं आहे की बर्फाच्या भिंतीची कल्पना त्याला इंग्लंडच्या उत्तरेतल्या हेड्रियनच्या भिंतीवर उभं असताना सुचली. रोमन सम्राटाने इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात बांधलेली ही भिंत आजच्या न्यूकॅसल शहरातून जाते. आणि यॉर्कच्या एका मजुराचा मुलगा जॉन स्नो १८२७ मध्ये शल्यवैद्य विल्यम हार्डकॅसल यांच्याकडे उमेदवारी करायला गेला, तो याच न्यूकॅसलला. तेव्हा तोही चौदा वर्षांचा होता.

नऊ भावंडांतला हा थोरला. बाप कोळशाच्या वखारीत राबणारा. १८३१ च्या अखेरीस इंग्लंडमध्ये कॉलरा पहिल्यांदा शिरला तो न्यूकॅसलजवळच्या संडरलंड बंदरातून, आणि अठरा वर्षांच्या या उमेदवाराला किलिंगवर्थच्या कोळसा खाणीत रुग्ण पाहायला पाठवलं गेलं. औषध काहीच नव्हतं. रक्त काढणं, अफू देणं, ब्रँडी पाजणं एवढंच चालायचं आणि माणसं काही तासांत निळी पडून जायची. खाणींबद्दल त्याने पुढे आपल्या पुस्तकात लिहिलं: खाणीत शौचाची सोय नसते, मजूर आठ-आठ तास खाली असतात, आणि न धुतलेल्या हातांनीच सोबत नेलेला डबा खातात. हे निरीक्षण इतकं साधं आहे की कोणालाही सुचावं. त्या काळच्या बड्या डॉक्टरांना ते सुचलं नाही, कारण ते खाणीत उतरत नव्हते.

१८३६ मध्ये तो लंडनला आला, सोहोतल्या वैद्यकशाळेत शिकला, तिथेच फ्रिथ स्ट्रीटवर दवाखाना थाटला. तो शाकाहारी होता, दारूला शिवत नव्हता, पाणी उकळून किंवा ऊर्ध्वपातन करून पीत होता. भिंतीवरच्या पहारेकऱ्याप्रमाणे त्याने लग्न केलं नाही; शपथ मात्र कोणी घ्यायला लावली नव्हती.

इथे मला त्याच्या आयुष्याच्या दुसऱ्या अर्ध्या भागाबद्दल जरा सविस्तर बोलायचं आहे, कारण साथरोगवाले तो भाग भूलतज्ज्ञांना देऊन टाकतात आणि भूलतज्ज्ञ पहिला भाग आम्हाला. १८४६ च्या अखेरीस ईथरची बातमी अमेरिकेहून लंडनला पोचली. लोक रुमालावर ईथर शिंपडून रुग्णाच्या नाकाशी धरत होते. कधी भूल चढायची, कधी नाही, कधी रुग्ण दगावायचा. स्नोने आधी हा प्रश्न विचारला की किती तापमानाच्या हवेत ईथरची वाफ किती मावते. त्याने तक्ते केले, वाफ मोजून देणारं उपकरण केलं आणि १८४७ मध्ये ईथरवर पुस्तक लिहिलं. त्याच वर्षी एडिंबरोच्या जेम्स सिम्प्सनने क्लोरोफॉर्म आणला, तेव्हा तोही स्नोने असाच मोजून घेतला. १८५३ मध्ये राजपुत्र लिओपोल्डच्या आणि १८५७ मध्ये राजकन्या बिअॅट्रिसच्या जन्माच्या वेळी व्हिक्टोरिया राणीला क्लोरोफॉर्म दिला तो त्यानेच. मजुराचा मुलगा राजवाड्यात पोचला, ही गोष्ट सांगायला छान आहे. मला महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. वायू कसा पसरतो, अंतरागणिक कसा विरळ होतो, किती मात्रेला शरीरावर काय होतं, हे त्या वेळच्या लंडनमध्ये त्याच्याइतकं क्वचितच कोणाला ठाऊक होतं.

आणि कॉलरा हवेतून पसरतो, हाच तर त्या काळचा पक्का समज होता. घाण कुजते, तिची दुर्गंधी हवेत मिसळते, ती हवा श्वासातून आत गेली की रोग होतो. एडविन चॅडविकसारखे सुधारक, विल्यम फारसारखा थोर संख्याशास्त्रज्ञ, आरोग्य मंडळाचे अधिकारी सगळे याच मताचे. स्नोचं म्हणणं असं: विषारी वायू असता तर उगमापाशी तो सगळ्यांना सारखा लागला असता आणि दूर जाता जाता विरून गेला असता. एका घरातले चार दगावतात आणि शेजारच्या घरी काहीच होत नाही, असं वायू वागत नाही. शिवाय या रोगाची पहिली खूण पोटात दिसते. तेव्हा विषही पोटातूनच शिरत असणार, रुग्णाच्या विष्ठेतून पाण्यात आणि पाण्यातून दुसऱ्याच्या तोंडात. हे त्याने १८४९ मध्ये छोट्या पुस्तिकेत मांडलं. फार कोणी मनावर घेतलं नाही.

मग १८५४ चा ऑगस्ट संपता संपता सोहोत, त्याच्या घरापासून पायी थोड्या अंतरावर, ब्रॉड स्ट्रीटवर स्फोट झाला. ३१ ऑगस्टच्या रात्रीपासून तीन दिवसांत सव्वाशेवर माणसं गेली. साथ आटोपेपर्यंत हा आकडा सहाशेच्या पुढे गेला. घरं रिकामी झाली, दुकानं बंद पडली. स्नो उलट त्याच गल्लीत शिरला. ब्रॉड स्ट्रीटवरच्या हातपंपाचं पाणी त्याने तपासलं, तर त्यात डोळ्यांना ठळक असं काहीच दिसेना. मग तो जन्ममृत्यूच्या नोंदी ठेवणाऱ्या कचेरीत गेला आणि तोवर नोंदल्या गेलेल्या ८३ मृत्यूंची यादी घेऊन दारोदार फिरला. ७३ मृत्यू पंपाच्या जवळच्या घरांत होते. दहा घरं दुसऱ्या पंपांना जवळ होती. त्यांपैकी पाच घरची माणसं म्हणाली, आम्हाला ब्रॉड स्ट्रीटचंच पाणी आवडतं, आम्ही तिथूनच मागवतो. आणखी तिघं मुलं होती, त्यांची शाळा त्या पंपाजवळ.

मुलांना शिकवताना मी इथे थांबायचो, आजही थांबतो. जवळ राहणारे मेले, एवढ्यावर दुर्गंधीवालेही म्हणू शकले असते की तिथली हवा वाईट. स्नोने शोधले ते अपवाद. पंपाजवळ राहून जे वाचले ते का वाचले? पोलंड स्ट्रीटवरच्या अनाथ-गरिबांच्या आश्रयगृहात ५३५ माणसं होती, चहूबाजूंच्या घरांत प्रेतं पडत होती आणि तिथे कॉलऱ्याने गेली फक्त पाच. त्यांची स्वतःची विहीर होती. ब्रॉड स्ट्रीटवरच्या दारूभट्टीतल्या सत्तरेक कामगारांपैकी कोणी दगावलं नाही. ते तिथली बिअर पीत, आणि भट्टीलाही वेगळी विहीर होती. आणि पंपापासून मैलोगणती दूर राहून जी गेली ती का गेली? हॅम्पस्टेडची एक विधवा बाई पूर्वी सोहोत राहिलेली होती, तिला त्या पंपाच्या पाण्याची चव लागली होती, म्हणून रोज गाडीवरून एक बाटली तिच्याकडे जायची. ती गेली. तिच्याकडे पाहुणी आलेली पुतणी ते पाणी पिऊन इस्लिंग्टनला परतली, तीही गेली. त्या दोन्ही वस्त्यांत तेव्हा दुसरा रुग्ण नव्हता. मला विचाराल तर साऱ्या वैद्यकाच्या इतिहासात इतका स्वच्छ पुरावा क्वचितच सापडेल.

७ सप्टेंबरच्या संध्याकाळी स्नो तिथल्या स्थानिक कारभाऱ्यांच्या सभेत गेला, आपलं म्हणणं मांडलं, आणि दुसऱ्या दिवशी पंपाचा दांडा काढला गेला. गोष्ट सहसा इथे संपवतात: दांडा निघाला, साथ थांबली, नायक जिंकला. ही गोष्ट अर्धी खरी आहे. साथ तोवर ओसरू लागली होती, बरेच लोक गल्ली सोडून गेले होते, आणि हे स्नोने स्वतः लिहून ठेवलं. आपल्या विजयाची कथा त्याने स्वतःच्या हाताने तोकडी केली, हा त्याचा प्रामाणिकपणा मला दांड्याहून मोठा वाटतो.

पुढचा धागा एका तरुण पाद्र्याने जोडला. रेव्हरंड हेन्री व्हाइटहेड त्याच वस्तीतल्या चर्चमध्ये होता, मरणाऱ्यांच्या उशाशी बसला होता. त्याला स्नोचं म्हणणं पटलं नव्हतं. ते खोडून काढावं म्हणून तो घरोघर गेला. लोक त्याला ओळखत होते, त्याच्याशी मोकळेपणी बोलत होते, आणि एकेका घरी तो चार-पाच वेळाही गेला. जेवढं तो विचारत गेला तेवढा पंपच दोषी ठरत गेला. शेवटी नोंदी चाळताना त्याला ब्रॉड स्ट्रीट ४० इथली एक तान्ही मुलगी सापडली. फ्रान्सिस लुइस तिचं नाव. साथ उसळण्याआधी दोन-तीन दिवस तिला जुलाब सुरू झाले होते आणि आईने दुपटी धुतलेलं पाणी घरापुढच्या मैलाखड्ड्यात ओतलं होतं. खड्डा आणि पंपाची विहीर यांत तीन फुटांचंसुद्धा अंतर नव्हतं. १८५५ मध्ये खोदून पाहिलं तर खड्ड्याच्या विटा ढिल्या झालेल्या आणि मैला विहिरीकडे पाझरत असलेला. ज्या दिवशी दांडा निघाला त्याच दिवशी त्या मुलीचे वडीलही कॉलऱ्याने आजारी पडले होते. दांडा जागेवर असता तर साथीचं दुसरं आवर्तन त्या घरातून सुरू झालं असतं, असं मानायला जागा आहे. व्हाइटहेडने पुढे आयुष्यभर स्नोची तसबीर आपल्या अभ्यासिकेत ठेवली.

पंपाची गोष्ट सगळे सांगतात. त्याच वर्षी टेम्सच्या दक्षिणेला स्नोने केलेलं काम मात्र पाठ्यपुस्तकाबाहेर कोणी सांगत नाही, आणि माझ्या मते तेच अधिक मोठं आहे. तिथे दोन कंपन्यांचे पाण्याचे नळ त्याच रस्त्यांतून गेले होते. शेजारच्या दोन घरांत दोन कंपन्यांचं पाणी. लॅम्बेथ कंपनीने १८५२ मध्ये आपलं पाणी उपसण्याचं ठिकाण नदीच्या वरच्या अंगाला, लंडनची गटारं मिळण्याआधी हलवलं होतं. साऊथवर्क अँड व्हॉक्सहॉल कंपनी बॅटर्सीला गटारांचं पाणी मिसळलेलं पाणीच उपसत होती. तीन लाख माणसं, गरीब-श्रीमंत, सगळ्या धंद्यांची, आपण कुठल्या बाजूला आहोत हे नकळत दोन गटांत वाटली गेली होती. पुष्कळ भाडेकरूंना कंपनीचं नावही ठाऊक नसायचं, कारण पट्टी मालक भरायचा. तेव्हा स्नो नळाच्या पाण्यातलं मीठ तपासायचा. बॅटर्सीच्या पाण्यात ते सुमारे चाळीस पट जास्त असायचं. साथीच्या पहिल्या सात आठवड्यांत दर दहा हजार घरांमागे साऊथवर्कच्या ग्राहकांत ३१५ मृत्यू, लॅम्बेथच्या ग्राहकांत ३७.

एवढं हाती असूनही आरोग्य मंडळाने हे मत स्वीकारायला नकार दिला. १८५५ मध्ये ‘लॅन्सेट’ने अग्रलेखातून त्याच्यावर टीकेची झोड उठवली. पुस्तकाची वाढीव आवृत्ती त्याने पदरचे पैसे घालून छापली. १० जून १८५८ रोजी क्लोरोफॉर्मवरचं पुस्तक लिहीत असताना त्याला पक्षाघाताचा झटका आला आणि १६ तारखेला तो गेला, वय पंचेचाळीस. ‘लॅन्सेट’च्या मृत्युवार्तेत क्लोरोफॉर्मचा उल्लेख होता, कॉलऱ्याचा नव्हता. ती चूक त्या नियतकालिकाने २०१३ मध्ये, त्याच्या जन्माला दोनशे वर्षं झाली तेव्हा दुरुस्त केली.

आता पुन्हा त्या दुसऱ्या जॉनकडे. मालिकेच्या सातव्या पर्वात एक प्रसंग आहे. मेलेल्यांची फौज येते आहे हे राणीला पटावं म्हणून जॉन आणि त्याचे साथीदार एक चालतं प्रेत पकडून, पेटीत घालून राजधानीत आणतात. पेटी उघडते, प्रेत राणीवर धावून जातं, सगळे डोळ्यांनी पाहतात. डॉक्टर स्नोंकडे अशी पेटी नव्हती. कॉलऱ्याचा जंतू त्यांना कधीच दाखवता आला नाही. त्याच १८५४ मध्ये फ्लॉरेन्समध्ये फिलिपो पाचिनी यांनी सूक्ष्मदर्शकाखाली तो पाहिला होता, पण तिकडे कोणी लक्ष दिलं नाही. रॉबर्ट कॉखने कलकत्त्यात तो ठामपणे दाखवला १८८४ मध्ये. शत्रू न दिसताही तो कुठून येतो, कोणाला धरतो, कोणाला सोडतो हे माणसं मोजून सांगता येतं, हे डॉक्टर स्नोंनी सिद्ध केलं. दिसणाऱ्या शत्रूशी लढायला शौर्य लागतं. न दिसणाऱ्याशी लढायला लोकांच्या दारात उभं राहून ‘पाणी कुठलं भरता?’ असं शंभरदा विचारण्याची चिकाटी लागते, आणि ती कुठल्याही मालिकेत दाखवता येण्यासारखी नाही.

दुसरा फरक पुनर्जन्माचा. मालिकेतल्या जॉनला मंत्रविद्येने उठवलं. डॉक्टर स्नोंचं काम उठवलं त्यांच्या विरोधकांनी. पाद्री व्हाइटहेडचं सांगितलंच. विल्यम फार वर्षानुवर्षं दूषित हवेचा पुरस्कर्ता होता, पण आकड्यांशी इमानदार होता. १८६६ मध्ये पूर्व लंडनमध्ये कॉलरा उसळला तेव्हा फारने पाण्याचाच माग काढला आणि तिथल्या कंपनीच्या उघड्या तलावांपर्यंत पोचला. स्नो तेव्हा आठ वर्षांपूर्वी वारलेले होते. ज्यांनी आपलं मत पुराव्यापुढे बदललं, त्या दोघांनाही आपण स्नोंच्या बरोबरीने आठवलं पाहिजे. कल्पित नायकाला मित्र आणि शत्रू असतात. विज्ञानाला असा प्रामाणिक विरोधक लाभला तर तो मित्राहून उपयोगी पडतो.

आणि वंशाचं काय? भिंतीवरच्या जॉनचा खरा बाप राजपुत्र निघतो. मालिकेत त्याला सिंहासन मिळत नाही हे खरं, तो पुन्हा उत्तरेलाच जातो. तरी आपण प्रेक्षक ते उघडकीस येण्याची वाट पाहत बसतो, कारण थोरपणाला थोर रक्ताचा पुरावा लागतो असं आपल्याला आतून वाटत असतं. पंपाजवळच्या जॉनचा बाप यॉर्कचा एक मजूर होता.

या रोगाशी आपलं नातं लंडनहून जुनं आहे. १८१७ मध्ये गंगेच्या मुखापासून निघालेली साथ दूरवर पसरली. आपल्याकडे तिला पटकी म्हणत, मरीआईचा कोप मानत, आणि मरीआईचा गाडा गावाच्या शिवेपलीकडे नेऊन सोडत. पंढरीच्या वारीत पटकीने किती वारकरी नेले याच्या कहाण्या जुन्या घरांत अजून आहेत. पण या रोगाची सर्वांत मोठी कोडी आपल्याच देशात सुटली: कॉलऱ्याचं विष कसं काम करतं हे कलकत्त्याच्या शंभुनाथ डे यांनी १९५९ मध्ये दाखवलं, आणि १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेच्या पाण्याने हजारो जीव वाचवले. डे यांचं नाव आमच्या मुलांना फळ्यावर लिहून द्यावं लागतं, याचं मला दुःख आहे.

२०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या परिसरात जीबीएस म्हणजे गिलाँ-बारे सिंड्रोम या नसांच्या आजाराचे रुग्ण अचानक वाढले, तेव्हा आरोग्य खात्याची माणसं घरोघर गेली, पाण्याचे नमुने घेतले, रुग्णांची घरं नकाशावर मांडली आणि नांदेड गावच्या विहिरीकडे लक्ष गेलं. १८५४ मधली रीत पावणेदोनशे वर्षांनी आपल्या दारात वापरली गेली.

तेव्हा श्रोतेहो, एक विनंती करून थांबतो. गावोगावी जलसुरक्षक विहिरीत, टाकीत टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकतो, आणि पाण्यात क्लोरीन उरलं आहे का हे ओटी चाचणीने पाहतो. पाण्यात थेंब टाकले की ते पिवळं होतं, एवढीच ती चाचणी. नळाच्या शेवटच्या टोकाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन राहायला हवं. आपल्या ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत या चाचणीची नोंदवही असते. या आठवड्यात तिथे जा, वही उघडून मागा, आणि शेवटची नोंद कोणत्या तारखेची आणि कोणत्या नळावरची आहे ते पाहा. नोंद जुनी असेल तर तिथेच उभं राहून नवी करून घ्या.